म्हातारपण गावातच: आशाताईचा एक दिवस

संग्रामपूर तालुक्यातलं, पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यातलं हजारेक वस्तीचं कुठलंही गाव घ्या. कमावती पोरं पुण्या-सुरतेला, उरलेली माणसं वावरात, आणि घरात सत्तरी ओलांडलेले आईबाप. त्यांना वृद्धाश्रम नको, शहरातली पोराची खोलीही नको. जिथं जन्म गेला तिथंच राहायचं आहे. ते जमतं यामागे आशाताईची पायपीट असते. 2005 च्या ग्रामीण आरोग्य अभियानातून साधारण हजार लोकांमागे एक आशा स्वयंसेविका आली, ती मुख्यतः माता-बालकांसाठी. कापूस वेचणीच्या दिवसांत ती आणखी काय काय सांभाळते, ते पाहू.

सकाळी 6. घरचा स्वयंपाक उरकून ती निघते. थोड्या वेळात सगळ्या सुना वेचणीला जातील. त्यांना गाठायचं तर आत्ताच. "सासूबाईची गोयी भाकरीसंगच काढून ठेवत जाय वं," एवढं सांगायला ती चार उंबरे चढते.

8. एकट्या राहणाऱ्यांची घरं. आधी दार पाहायचं, मग चूल. चूल थंड असली की रात्री जेवण झालं नाही किंवा अंगात ताप आहे, असं समजायचं.
"गोयी घेतली काय आजी?"
"सरली माय, चार रोज झाले."
या पट्ट्यात बोअरचं पाणी खारं आणि किडनीचे रुग्ण गावोगाव. वाढलेला रक्तदाबही किडनीच खातो. म्हणून चार दिवसांचा खाडा ती हलक्यात घेत नाही.

10. उपकेंद्र, म्हणजे आताचं आयुष्मान आरोग्य मंदिर. समुदाय आरोग्य अधिकारी बीपी-शुगर तपासतात, गोळ्या मोफत मिळतात. ज्यांना चालवत नाही त्यांच्या गोळ्या ताई पिशवीत घेते. तिशीपुढच्या प्रत्येकाचा सीबॅक, म्हणजे आजारांचा धोका ताडण्याचा फॉर्म तीच भरते. त्यात साठीपुढच्यांना वेगळे प्रश्न असतात: चालताना तोल जातो का, रोजच्या कामाला कुणाची मदत लागते का, जवळच्यांची नावं विसरता का. कोण कधी पडेल, याचा अंदाज तिला या उत्तरांतून येतो.

12. श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे 1500 रुपये आता थेट आधार जोडलेल्या खात्यात येतात. पण बँकमित्राच्या मशीनवर आजीचा अंगठा उठत नाही. निंदण-वेचणीत बोटांच्या रेषा झिजल्यात. हात धुऊन, पुसून, दुसरं बोट लावून पाहायचं. नाहीच जमलं तर आधार केंद्रावर ठसे नव्याने द्यायला पाठवायचं. वयाची 75 पूर्ण असतील तर तिथं जायला 2022 पासून एसटीच्या तिकिटाचे पैसे लागत नाहीत. त्याच फेरीत आयुष्मान कार्डही काढून घ्यायचं. ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षं आणि त्यावरच्या सगळ्यांना 5 लाखांपर्यंतच्या उपचारांसाठी ते मिळतं.

दुपारी 3. बाळंतिणीचं घर. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी भेट ठरलेली, मोबदलाही ठरलेला. सकाळी आजीच्या चुलीपाशी ती गेली, ते मात्र आपल्या मनानं.

5.30. मारुतीच्या पारावर म्हातारी माणसं जमतात. कोण आलं नाही, याची चौकशी इथंच होते. बचत गटातल्या एकीशी बोलून ती शेजारच्या एकट्या आजोबांच्या रात्रीच्या भाजीची सोय लावते.

रात्री 8. पुण्याहून मुलाचा फोन. "आईला घेऊन जाऊ काय, ताई?"
"दिवाळीत नेलं होतं ना? करमलं नाही म्हणून परत आल्या. तुम्ही असं करा, मोरीजवळ धरायला लोखंडी पाइप बसवून द्या अन् रातच्याला उजेड राहील असा बल्ब लावा. बाकी मी पाहतो."

ते "बाकी" फार मोठं आहे. पेन्शन, कार्ड, गोळ्या या सगळ्या गोष्टी गावाच्या वेशीपर्यंत पोचल्यात. वेशीपासून खाटेपर्यंत त्या एक बाई नेते. तान्ह्या बाळासाठी जशा भेटी आखल्या, तशी एकट्या राहणाऱ्या प्रत्येक वृद्धाच्या घरी आठवड्याला किमान एक भेट शासनानं आखून द्यावी आणि तिचा मोबदला आशाताईच्या हातात वेळेवर पडावा. गावातलं म्हातारपण एका बाईच्या चांगुलपणावर सोडून देणं बरोबर नाही.