वायर नाही, तरी गरगर फिरते! पेशीत मावणारी मोटर

विहिरीवरची मोटर मिनिटाला साधारण २,९०० फेरे मारते. अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाच्या प्रा. डोंगलेई फॅन यांच्या चमूने २०१४ मध्ये केलेली मोटर १८,००० फेऱ्यांपर्यंत पोहोचली! आकार? मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून कमी; शरीरातल्या एका पेशीत मावेल इतका.

एवढ्याशा मोटरला वायर जोडणार कुठे? म्हणून धातूच्या सूक्ष्म कांडीभोवती विद्युत क्षेत्र, म्हणजे विजेची न दिसणारी ओढ, फिरवली जाते. कांडी तिच्यामागे फिरते. खालचा लोहचुंबक तिला जागेवर धरतो.

वेग वाढवला की कांडीवर लावलेलं रसायन लवकर सुटतं. पुढे इन्सुलिनसारखं औषध पेशीजवळ नेऊन हवं तेवढंच सोडता येईल, अशी आशा आहे. सध्या मात्र हे प्रयोगशाळेतच आहे. ‘नॅनो मोटरचा उपचार’ म्हणून कुणी पैसे मागितले, तर देऊ नका.