बासरीची फुंकर आणि आपले फुप्फुस

दिवाळीत गायगोधनाच्या दिवशी झाडीपट्टीतल्या गावांमध्ये गोवारी मंडळी डफड्याच्या ठेक्यावर बासरी वाजवत निघतात. चोरखमारा हे नागझिरा अभयारण्याच्या प्रवेशद्वारांपैकी एक. तिथला परिसर सागवानाचा आणि बांबूचा, त्यामुळे बासरी इथे नवी नाही. अलीकडे मात्र 'बासरी वाजवा, फुप्फुस मोठे होईल, दमा पळेल' असा सल्ला मोबाइलवर सर्रास फिरतो. यात खरे किती?

फुप्फुस वाढत नाही, श्वास सुधारतो

प्रौढ माणसाच्या फुप्फुसाचा आकार मुख्यतः उंची, वय आणि लिंग यांवर ठरतो. बासरीने तो वाढत नाही. सुषिर वाद्ये वाजवणारे आणि न वाजवणारे यांच्या फुप्फुसांची क्षमता मोजणाऱ्या अभ्यासांतून एकसारखे उत्तर मिळालेले नाही.

बदलते ती श्वास वापरण्याची पद्धत. शांत बसलेलो असताना आपण एका श्वासात साधारण अर्धा लिटर हवा घेतो. पूर्ण श्वास भरून पूर्ण सोडला तर तीन ते पाच लिटर हवा बाहेर येऊ शकते. वादकाला या साठ्याचा हिशेब ठेवावा लागतो. श्वासपटल खाली दाबून झटकन हवा भरायची आणि पोटाच्या व बरगड्यांमधल्या स्नायूंनी ती मोजून-मापून सोडायची, हाच रोजचा रियाज. तो या स्नायूंचा उत्तम व्यायाम आहे. पण तो दम्याच्या औषधाची जागा घेत नाही. दम्यात श्वासनलिकांना सूज असते आणि ती फुंकरीने उतरत नाही. म्हणून बासरी जरूर शिका, पण डॉक्टरांना न विचारता पंप बंद करू नका.

सुरुवातीला चक्कर का येते?

नवशिक्याची अर्धी फुंकर बासरीच्या छिद्राबाहेर वाया जाते. सूर लागत नाही म्हणून तो आणखी जोरात फुंकतो. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा कमी होतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या थोड्या आकसतात, डोके हलके होते, ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात. थांबून नेहमीसारखा श्वास घेतला की काही मिनिटांत बरे वाटते. पहिले काही आठवडे बसूनच आणि पाच-दहा मिनिटांच्या टप्प्यांत सराव करावा. छातीत दुखणे किंवा विश्रांतीनंतरही न थांबणारी धाप हे मात्र नवखेपणाचे लक्षण नव्हे, तिथे डॉक्टरच हवेत.

सनईचे गणित वेगळे

बासरीला हवा भरपूर लागते, पण दाब कमी. सनईच्या पत्तीतून हवा थोडीच जाते, पण ती जोराने रेटावी लागते. सनईवाल्यामागे सूर धरणारा साथीदार गालात हवा साठवून नाकाने श्वास घेतो आणि सूर तुटू देत नाही. सनईसारख्याच दुहेरी पत्तीच्या पाश्चात्त्य ओबोमध्ये आणि ट्रम्पेटमध्ये जोराने फुंकताना डोळ्यातला दाब तेवढ्यापुरता वाढतो, असे २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. काचबिंदू असलेल्यांनी आणि डोळ्याची किंवा पोटाची शस्त्रक्रिया नुकतीच झालेल्यांनी असे वाद्य हाती घेण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला घ्यावा.

अशाच अखंड श्वासावर चालते ऑस्ट्रेलियातील आदिवासींचे डिजेरिडू, म्हणजे लाकडाची लांब पोकळ नळी. झोपेत घशाचा मार्ग बंद होऊन श्वास अडकण्याचा विकार असलेल्या २५ जणांचा स्वित्झर्लंडमध्ये अभ्यास झाला आणि तो २००६ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने छापला. ज्यांनी चार महिने जवळजवळ रोज हे वाद्य वाजवले, त्यांचे श्वास अडकण्याचे प्रमाण न वाजवणाऱ्यांपेक्षा कमी झाले आणि दिवसाची झोपही घटली. घशाचे स्नायू बळकट झाल्याचा हा परिणाम असावा, असे संशोधकांचे म्हणणे. अभ्यास लहान होता, तरी दिशा आश्वासक आहे.

वाद्य कोरडे ठेवा

प्रत्येक फुंकरीबरोबर वाद्यात ओल आणि लाळ जाते. इंग्लंडमध्ये रोज बॅगपाइप वाजवणाऱ्या ६१ वर्षांच्या एका माणसाला फुप्फुसाचा गंभीर आजार झाला आणि तो दगावला. त्याच्या वाद्यात अनेक प्रकारच्या बुरशी सापडल्या. काही महिने वाद्यापासून दूर असताना त्याची तब्येत सुधारली होती. बासरी उघडी असल्याने लवकर वाळते, तरी वाजवून झाल्यावर आतून स्वच्छ कापड फिरवावे. दुसऱ्याची उष्टी बासरी तोंडाला लावू नये.

खर्रा आणि फुंकर

आपल्या भागातला सर्वांत मोठा धोका मात्र वाद्याबाहेर, पानठेल्यावर आहे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा तोंडातून गेलेला नाही. सुपारीने गालाच्या आतली त्वचा हळूहळू ताठ होते, तिखट झोंबू लागते, तोंड कमी उघडते. गाल फुगवणे, शीळ घालणे, फुंकर मारणे जड जाते. या अवस्थेचे पुढे कर्करोगात रूपांतर होऊ शकते.

फुंकर हीच इथे तपासणी ठरू शकते. खर्रा खाणाऱ्याने आरशासमोर तोंड उघडून स्वतःची तीन बोटे उभी आत जातात का ते पाहावे. मग शीळ घालून पाहावी. पूर्वी जमणारी शीळ आता जमत नसेल, तर खर्रा त्याच दिवशी सोडून सरकारी रुग्णालयातील दंतचिकित्सकाला तोंड दाखवावे. ताठ झालेला गाल पूर्वीसारखा होणे कठीण असते, पण वेळीच खर्रा सोडला आणि उपचार घेतले तर पुढची हानी रोखता येते.