पहिले वर्ष अवघड जाते, म्हणून परत फिरू नका!

बारावीचा निकाल लागतो. वस्तीत पेढे वाटले जातात, विहारात सत्कार होतो. मग जून-जुलैत पत्र्याची पेटी, वळकटी आणि चिवड्याचा डबा घेऊन मूल शहरातल्या कॉलेजात जाते. घरातून पदवीच्या वर्गात पोचलेले ते पहिलेच. आई-बापाला वाटते, आता आपली काळजी मिटली. पण आमचा अनुभव असा आहे की, खरी काळजी तिथूनच सुरू होते.

परभणी जिल्ह्यातले आमच्या ओळखीचे एक बंधू मोंढ्यात हमाली करतात. त्यांची मुलगी बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली आणि बी. कॉम.साठी पुण्याला गेली. दिवाळीच्या सुट्टीत ती घरी आली, तेव्हा आम्ही त्यांच्याकडेच बसलो होतो. बॅग खाली ठेवताच ती म्हणाली, "पप्पा, मी आता परत जात नाही. मला तिथलं काहीच कळत नाही."

आई रडू लागली. पण वडील शांतपणे म्हणाले, "पोतं जड लागलं म्हणून मी मोंढा सोडला का? जरा टेकवायचं, खांदा बदलायचा. आधी सांग, काय कळत नाही?"

मग हळूहळू सगळे बाहेर आले. सर तासाला 'जर्नल', 'लेजर', 'ट्रायल बॅलन्स' असे म्हणत. बाकीची मुले लिहून घेत, ही नुसती बघत बसे. विचारले तर हसतील, म्हणून हात वर होत नसे. आमच्यासोबत बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. त्यांनी वही मागवली आणि पानावर दोन रकाने आखले. जर्नल म्हणजे रोजकीर्द. लेजर म्हणजे खातेवही. ट्रायल बॅलन्स म्हणजे तेरीज. डेबिट म्हणजे नावे, क्रेडिट म्हणजे जमा. मुलगी बघतच राहिली. "हे तर मला सगळं येतं!" ती म्हणाली.

वाचकहो, आमच्या मुलांचे पहिल्या वर्षी नेमके हेच होते. बुद्धी कमी नसते, शिकलेलेही असते. फक्त त्याची नावे बदललेली असतात. मूल मात्र समजते, आपणच कमी आहोत. हा समज वेळीच काढला नाही, तर शिक्षण सुटते.

बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले आणि पुढे एल्फिन्स्टन कॉलेजात गेले. तिथला हॉटेलवाला त्यांना चहा-पाणी देत नसे. त्याच कॉलेजात प्रा. म्युलर यांनी मात्र त्यांना पुस्तके दिली, कपडे दिले. १९१३ साली ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोचले, तेव्हा त्यांनाही पहिली खोली मानवली नाही. ती सोडावी लागली. पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना हे पारशी विद्यार्थी त्यांचे सोबती झाले आणि ती मैत्री आयुष्यभर टिकली. म्हणजे अपमान करणारे भेटतात, तसे हात देणारेही भेटतात. पण त्यासाठी खोलीबाहेर पडावे लागते, बोलावे लागते.

म्हणून मुलामुलींनो, चार गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली गोष्ट, दोन रकान्यांची वही ठेवा. रोज अडलेले शब्द लिहा आणि त्यांचा मराठी अर्थ शोधा. विषय आधी मराठी पुस्तकातून वाचून गेलात, तर इंग्रजी तास अर्धा सोपा होतो. वर्गात विचारायची लाज वाटली, तर तास संपल्यावर सरांना गाठा.

दुसरी गोष्ट, कागदपत्रे. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि आधारला जोडलेले बँक खाते तयार ठेवा. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर मुदतीत भरा. सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही, तर स्वाधार योजनेची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करा.

तिसरी गोष्ट, कोणी आडनाव विचारून, मार्क विचारून टोमणे मारत असेल, तर एकट्याने सोसू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या नियमांनी भेदभावाच्या तक्रारीसाठी समान संधी कक्ष आणि अधिकारी नेमायला सांगितले आहे. कॉलेजात त्याची चौकशी करा. रॅगिंग होत असेल, तर १८००-१८०-५५२२ हा फुकट फोन आहे. राखीव जागा हा हक्क आहे. तिथे मान खाली घालायचे कारण नाही.

चौथी गोष्ट, एखादा विषय राहिला तर जग बुडत नाही. एटीकेटी म्हणजे पुन्हा बसायची संधी. घरी खरे सांगा, लपवू नका.

आणि आई-बापांनो, तुम्हालाही एक विनंती. फोनवर पहिला प्रश्न मार्कांचा नको. "जेवलीस का? मैत्रीण मिळाली का? काय अडलंय?" असे विचारा. तुम्हाला अकाउंट्स कळत नसेल, पण पोराचा आवाज तर कळतो! पैशाची ओढाताण आहे हे माहीत असल्याने मुले उपाशी राहतात आणि सांगत नाहीत. मुलगी नापास झाली म्हणून लगेच स्थळे बघू नका. विहारात सत्कार करतो, तसाच दिवाळीच्या सुट्टीत शिकलेल्यांनी या मुलांसोबत एक दिवस बसावे. हाराची गरज निकालाच्या दिवशी असते. माणसाची गरज नोव्हेंबरात असते.

ती मुलगी भाऊबीज झाल्यावर पुण्याला परत गेली. पहिल्या सत्रात तिचे दोन विषय राहिले, ते तिने पुढे काढले. आता ती तिसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत गावी आली की बारावीच्या मुलांना घेऊन विहारात बसते. समोर वही असते, पानावर दोन रकाने.