मृत्यूची भातुकली

भातुकली म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे इवलीशी पितळी भांडी, मातीची बोळकी आणि चुरमुऱ्यांच्या लटक्या पंगती येतात. परंतु अमेरिकेतील एका बाईंनी अशी भातुकली मांडली, की तिच्यातल्या प्रत्येक घरात कोणीतरी मरून पडलेले आहे. आणि ती खेळायला बसत ते धिप्पाड पोलिस अधिकारी!

या बाई म्हणजे फ्रान्सिस ग्लेसनर ली (१८७८–१९६२). जन्म शिकागोच्या गर्भश्रीमंत घरातला. बोस्टनचे वैद्यकीय तपासनीस डॉ. मॅग्राथ यांच्या स्नेहामुळे त्यांना न्यायवैद्यकाचे वेड लागले. १९३१ मध्ये त्यांनी या विषयासाठी हार्वर्ड विद्यापीठाला देणगी दिली आणि पुढे १९४५ पासून तेथे पोलिसांसाठी वर्ग सुरू केले. आता अडचण अशी, की विद्यार्थ्यांची टोळी खऱ्या खुनाच्या जागी न्यायची कशी? तेथल्या खुणाच पुसल्या जायच्या! तेव्हा बाईंनी ती जागाच वर्गात आणली. एका फुटास एक इंच या प्रमाणात त्यांनी खोल्या उभारल्या. बाहुल्यांचे पायमोजेसुद्धा टाचण्यांवर विणले! विद्यार्थ्याच्या हाती बॅटरी आणि भिंग द्यायचे, मुदत दीड तासाची.

त्यांतले एक स्वयंपाकघर पाहा. बाहुली जमिनीवर निपचित पडली आहे. शेगडीच्या वायूच्या तोट्या उघड्या, दारे आतून बंद, फटींत वर्तमानपत्रे कोंबलेली. आपण चटकन म्हणतो, ‘आत्महत्या!’ पण मोरीतल्या अर्धवट सोललेल्या बटाट्यांचे काय? मरायला निघालेली बाई बटाटे सोलायला घेईल का? मग लगेच दुसरे टोक, ‘खून!’ हीदेखील घाईच. हातातले काम टाकून माणसाने जीव दिल्याची उदाहरणे का नाहीत? अशा वेळी शरीराला विचारावे लागते. दगडी कोळशापासून काढलेल्या इंधनवायूत कार्बन मोनॉक्साइड असे. तो श्वासाबरोबर आत गेला, तर मृतदेहावर रक्त साकळलेल्या जागी बहुधा चेरीसारखी लाली दिसते. ती नसेल, तर तोट्या सुटण्यापूर्वीच श्वास थांबला होता की काय, ही शंका घ्यावी लागते.

गंमत अशी, की बाईंच्या सगळ्याच खोल्यांत खून नाही. कोठे अपघात आहे, कोठे आत्महत्या, तर कोठे नैसर्गिक मृत्यू. ‘येथे खून झालाच असणार’ असे धरून जो आत डोकावतो, तो तेथेच फसतो.

मी साहित्य शिकवतो. माझ्या वर्गात कवितेचा अर्थ चुकला, तर विद्यार्थ्याचे फार तर दोन गुण जातात. येथे अर्थ चुकला, तर निरपराध माणूस फासावर चढतो किंवा खुनी उजळ माथ्याने हिंडतो. हार्वर्डचा तो विभाग १९६० नंतरच्या दशकात बंद पडला. पण त्यांतल्या अठरा खोल्या बाल्टिमोरला सुखरूप पोचल्या आणि तेथेही पोलिसांच्या शिक्षणाला उपयोगी पडल्या. त्यांची उत्तरे मात्र गुप्त राखली जातात. कारण उत्तर आधी ठाऊक झाले, की पाहणेच थांबते.