दोरी ओढली, पण इंजिन गप्प!

आरएक्स १०० चा आवाज तुम्ही डोळे मिटून ओळखता ना? त्याच जातीची टू-स्ट्रोक इंजिनं मुंबईत अजून कामावर जातात. फक्त रस्त्यावर नाही, खाडीत. वर्सोवा मेट्रो स्टेशनला उतरा, रिक्षाने कोळीवाडा गाठा आणि मढच्या फेरीबोटीच्या धक्क्यावरून लहान होड्यांच्या मागच्या बाजूला नजर टाका. मोठ्या मच्छीमार बोटींच्या पोटात डिझेल इंजिन असतं. लहान फायबरच्या होडीला मात्र मागच्या फळीवर अडकवलेलं उभं इंजिन दिसेल. वर डोकं, खाली लांब पाय, पायाला पंखा. हेच आउटबोर्ड.

हे सगळं आत्ताच सांगायचं कारण म्हणजे कॅलेंडर. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी, आणि १ ऑगस्टला दर्या पुन्हा खुला. म्हणजे जुलै हा दुरुस्तीचा आणि जुनी मशीन विकत घेण्याचा महिना. नवं मशीन लहान होडीवाल्याला परवडत नाही, म्हणून सेकंडहँड. त्याच्याकडे दुसरं इंजिनही नसतं. ओहोटीच्या वेळी खाडीच्या तोंडावर ते बंद पडलं, तर पाणी होडीला बाहेर ओढत नेतं आणि त्या दिवसाची कमाई सोडा, माणूस किनाऱ्याला कसा येणार हाच प्रश्न उरतो. तुमच्या गावी, मालवणला नाहीतर दापोलीला, काकांच्या होडीला असं मशीन असेल, तर पुढचं नीट वाचा.

घेण्याआधीची पहिली अट फोनवरच घाला : ‘दादा, मशीन आधी चालू करून ठेवू नका. मी आल्यावरच पहिली दोरी ओढूया.’ गरम इंजिन जवळपास कुठलंही चालू होतं. खरी परीक्षा थंड इंजिनाची. म्हणून गेल्या गेल्या गप्पा मारण्याआधी सिलिंडरला हात लावा. कोमट लागलं, तर समजून जा. आणि ‘पूर्ण ओव्हरहॉल केलंय’ या वाक्यावर माझा तरी काडीचा विश्वास नाही. नवा रंग मारायला एक दुपार पुरते.

आता समजा, मशीन घरी आणलं, दोरी ओढली आणि काहीच नाही. इथे बहुतेक जण थेट कार्ब्युरेटर खोलायला बसतात. थांबा. टू-स्ट्रोकला चालायला ठिणगी, इंधन आणि दाब या तीनच गोष्टी लागतात. शोध घ्यायचा तो फुकटातल्या कारणापासून. किल-स्विचची लाल दोरी जागेवर आहे का? ती निघाली असेल तर दिवसभर ओढलंत तरी ठिणगी पडणार नाही. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का? तो बंद असेल तर इंजिन पाच-दहा मिनिटं छान चालतं आणि मग गुदमरून मरतं, कारण टाकीत हवा शिरत नाही आणि पेट्रोल बाहेर येत नाही. पाइपवरचा रबरी फुगा दाबल्यावर कडक होतो का? नाही झाला, तर कुठेतरी गळती आहे किंवा फुग्याचा व्हॉल्व्ह गेलाय. यातल्या एकाही तपासणीला पाना लागत नाही.

मग प्लग. काढून बघा. ओला आणि पेट्रोलचा वास असेल तर इंधन पोचतंय, ठिणगी नाही. कोरडा ठणठणीत असेल तर उलट. प्लग केबलला लावून त्याचं लोखंड इंजिनाच्या धातूला टेकवा आणि दोरी ओढा. निळी, जाड ठिणगी हवी. पिवळट आणि अशक्त असेल तर आधी प्लग बदला, मग कॉइलकडे बघा. (हे करताना उघडं पेट्रोल शेजारी ठेवू नका आणि प्लग हाताने धरू नका, इन्सुलेटेड पकड घ्या.) दाबासाठी प्लगच्या जागी गेज लावून दोरी ओढायची. आकडा किती यापेक्षा दोन सिलिंडरांचे आकडे जवळजवळ सारखे आहेत का, हे महत्त्वाचं. एकात खूप कमी असेल तर रिंग, पिस्टन किंवा गॅस्केट गेलंय. असं मशीन अजून घेतलं नसेल, तर तिथूनच परत फिरा.

हे सगळं ठीक असेल तर मग कार्ब्युरेटर. दोन महिने टाकीत आणि कार्ब्युरेटरमध्ये राहिलेलं पेट्रोल चिकट होतं आणि केसाएवढी जेट बंद करतं. त्यात आता ई२० आहे. २०२३ पासून देशात २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळू लागलं. इथेनॉल हवेतला ओलावा शोषतं. पावसाळ्यातल्या वर्सोव्यात ओलाव्याला काय तोटा! पाणी फार झालं की ते इथेनॉलसह टाकीच्या तळाला वेगळं बसतं आणि पाइप तिथूनच ओढतो. जुने रबरी पाइपही त्याने मऊ पडतात. उपाय साधा आहे : जुनं पेट्रोल पूर्ण काढा, पाइप बदला, जेट साफ करा. जेटमध्ये तार घालू नका, भोक मोठं होतं.

ऑइलचं प्रमाण मशीनच्या पुस्तिकेत असतं. ५०ः१ असेल तर ५ लिटर पेट्रोलला १०० मिली. पण स्कूटरचं टू-टी ऑइल ओतू नका. ते हवेने थंड होणाऱ्या इंजिनासाठी असतं. आउटबोर्ड पाण्याने थंड होतं, त्याच्या ऑइलच्या डब्यावर ‘टीसी-डब्ल्यू३’ लिहिलेलं असतं. रॉकेलवर चालणारं मशीन असेल तर आणखी एक सवय लावा : पेट्रोलवर सुरू करा, गरम झालं की रॉकेल, आणि बंद करण्याआधी पुन्हा पेट्रोल. नाहीतर सकाळी कार्ब्युरेटरमध्ये रॉकेल असेल आणि थंड इंजिन ते पेटवणार नाही.

चालू झालं? मग मागे जाऊन बघा, पाण्याची बारीक पिचकारी सुरू आहे का. वर्सोव्यात मशीनचा जीव या पिचकारीत आहे. पायातला एक रबरी पंखा, इम्पेलर, खाडीचं पाणी ओढून इंजिनाभोवती फिरवतो. आता आपली खाडी आठवा. ओशिवरा नदी याच मालाड खाडीत येते आणि शहराचा कचरा घेऊन येते. ओहोटीला पाणी कमी, गाळ जास्त. गाळ इम्पेलरची पाती घासून टाकतो, प्लास्टिकची पिशवी पाण्याच्या जाळीवर चिकटते आणि इंजिन काही मिनिटांत तापतं. म्हणजे अंधेरीत आपण टाकलेली चिप्सची पिशवी कुणाचा तरी पिस्टन जाम करू शकते. पिचकारी थांबली की आधी इंजिन बंद, मग जाळी बघायची. इम्पेलर दर वर्षी बदलायचा. आणि पाण्याशिवाय इंजिन ‘एकदा फक्त बघू’ म्हणूनसुद्धा चालू करायचं नाही, रबर कोरडं घासून काही सेकंदांत जळतं. गोड्या पाण्याचा मोठा ड्रम घ्या, पाय त्यात बुडवा आणि मग दोरी ओढा. समुद्रातून आल्यावरही तेच, आतलं मीठ धुऊन जातं.

खालच्या गिअरचं ऑइल थोडं काढून बघा. दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी शिरलंय, सील गेलंय. सील, ओ-रिंग असल्या गोष्टींसाठी नागदेवी स्ट्रीट आहेच. ब्रँडचंही बघा. आउटबोर्डच्या इतिहासातलं मोठं नाव म्हणजे एव्हिनरूड, १९०९ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली कंपनी. पण २०२० मध्ये तिचं उत्पादन बंद झालं. तसं जुनं मशीन स्वस्तात मिळालं तरी सुटे भाग शोधताना दमछाक होईल.

आता जुगाडाबद्दल. रील्समध्ये जुगाडाचं फार कौतुक होतं, मला ते पटत नाही. लहान मशीनच्या पंख्यात एक मऊ पिन असते. पंखा दगडाला किंवा दोराला अडकला की ती मुद्दाम तुटते, म्हणजे गिअर वाचतो. ती तुटल्यावर कुणीतरी हुशारीने लोखंडी खिळा ठोकतो. मशीन मस्त चालतं. पुढच्या वेळी पंखा अडकतो तेव्हा खिळा तुटत नाही, गिअर तुटतो. सेकंडहँड मशीन घेताना ही पिन काढून बघाच, आधीच्या मालकाने मशीन कसं वापरलंय ते तिथे कळतं.

उलटा प्रकारही होतो. मशीन फळीवरून सुटून खाडीत पडतं आणि सगळे म्हणतात, चार दिवस उन्हात वाळू दे. अजिबात नको. पाण्यात असेपर्यंत गंज हळू चढतो, बाहेर हवा लागली की झपाट्याने. लगेच गोड्या पाण्याने धुवा, प्लग काढा, दोरी ओढून सिलिंडरमधलं पाणी बाहेर फेका, आत ऑइल सोडा, कार्ब्युरेटर रिकामा करा आणि त्याच दिवशी ड्रममध्ये चालवायचा प्रयत्न करा. दोरी ओढताना अडकल्यासारखं वाटलं तर मात्र जोर लावू नका, आत काहीतरी वाकलंय.

१ ऑगस्टच्या आधी दोन-तीन दिवस ड्रममध्ये रोज अर्धा तास चालवून बघा, दर वेळी थंड इंजिनापासून सुरुवात करून. होडीत एक जादा प्लग, तीच मऊ पिन, पाना, प्लगचा स्पॅनर आणि दोरीचा तुकडा ठेवा. रिकॉइलची दोरी तुटली तर हा तुकडा फ्लायव्हीलला गुंडाळून इंजिन चालू करता येतं. आणि वल्ही घरी ठेवून जाऊ नका.