कळांचं सलाईन : ऐकलेलं आणि खरं

कर्जत-खोपोलीच्या कुठल्याही प्रसूतिगृहाबाहेरच्या बाकावर अर्धा दिवस बसलं, तर हे बोलणं कानावर पडतंच : "सकाळी औषध ठेवलंय म्हणे. संध्याकाळ झाली तरी काही नाही. नेऊ या का दुसरीकडे?" बोलणारी कधी आई असते, कधी सासू, कधी कशेळ्याहून रिक्षा करून आलेला नवरा. त्यांच्या मनात हिशेब पक्का असतो. इंजेक्शन दिलं की कळा, आणि कळा आल्या की दोन-चार तासांत मोकळी. हा हिशेब चुकीचा आहे. त्याच्यातूनच घाई होते, वादावादी होते आणि कधी कधी अर्ध्यावर बाईला उचलून दुसऱ्या दवाखान्यात नेलं जातं. म्हणून आधी वेळेचं बोलू.

"औषध दिलं की दोन तासांत बाळ"

गर्भपिशवीचं तोंड नऊ महिने घट्ट मिटलेलं असतं. तपासणाऱ्या बोटाला ते नाकाच्या शेंड्यासारखं टणक लागतं. दिवस भरत आले की तेच ओठांसारखं मऊ होतं, आखूड होतं, थोडं उघडतं. कळा आपोआप येतात तेव्हा ही तयारी घरातल्या घरात, बाईच्या नकळत, कित्येक दिवस चाललेली असते. कळा बाहेरून आणायच्या तर आधी ही तयारी करून घ्यावी लागते, आणि बहुतेक वेळ तिथेच जातो. तोंड किती उघडलंय, किती पातळ आणि किती मऊ झालंय, ते कुठल्या बाजूला आहे आणि बाळाचं डोकं किती खाली आलंय, या पाच गोष्टींना गुण देण्याची पद्धत एडवर्ड बिशप या अमेरिकी डॉक्टरांनी १९६४ साली मांडली. ती आजही वापरतात. "तोंड अजून तयार नाही" असं डॉक्टर म्हणतात ते त्या गुणांवरून. गुण कमी असले आणि बाई पहिलटकरीण असली, तर दाखल झाल्यापासून बाळ हातात येईपर्यंत दीड दिवस, कधी त्याहून जास्त लागतो. त्यात काही बिघडलेलं नसतं.

याचा भक्कम दाखला आपल्याच राज्यातला आहे. २०१३ ते २०१५ या काळात नागपूरच्या दोन सरकारी रुग्णालयांत रक्तदाब वाढलेल्या ६०२ गर्भवतींवर एक मोठा अभ्यास झाला. निम्म्या जणींना पिशवीच्या तोंडात फुगा बसवला, निम्म्या जणींना कळा आणणाऱ्या मिसोप्रोस्टॉलची २५ मायक्रोग्रॅमची गोळी दर दोन तासांनी तोंडावाटे दिली. डॉ. शुचिता मुंडले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष मांडले. गोळी घेतलेल्यांपैकी सुमारे ५७ टक्के आणि फुगा बसवलेल्यांपैकी सुमारे ४७ टक्के बायका २४ तासांच्या आत नॉर्मल बाळंत झाल्या. म्हणजे सगळी काळजी घेऊन, जाणत्या हातांखाली, एका अख्ख्या दिवसात साधारण निम्म्याच जणींची नॉर्मल सुटका झाली. बाकावर बसलेल्या माणसाला हे कुणी आदल्या दिवशीच सांगितलं, तर संध्याकाळची निम्मी भीती तिथेच संपेल. सांगण्याची जबाबदारी डॉक्टर-सिस्टरांची आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. पण कुणी सांगितलं नाही, तर आपण विचारावं.

आत नेमकं काय करतात? कधी डॉक्टर तपासताना बोट फिरवून बाळाभोवतीचं आवरण पिशवीच्या तोंडापासून सुटं करतात. एवढ्यानेही काहींना दोन-तीन दिवसांत कळा सुरू होतात. फुगा म्हणजे लघवीसाठी वापरतात तीच रबरी नळी. ती पिशवीच्या तोंडातून आत सरकवून तिच्या टोकाच्या फुग्यात ३० ते ६० मिलिलिटर निर्जंतुक पाणी भरतात. फुगा तोंडावर दाब देत राहतो, आणि तोंड पुरेसं उघडलं की आपसूक खाली येतो. "फुगा पडला" हे ऐकून नातेवाईक दचकतात, पण ती चांगली बातमी असते. तोंड मऊ करायला लावतात ते जेल वेगळं. ते फ्रिजमध्ये ठेवावं लागतं, आतून लावतात आणि पुढचा डोस द्यायचा की नाही ते सहसा सहा तासांनी ठरवतात. या टप्प्यात बाई झोपूनच राहिली पाहिजे असं नाही. डॉक्टरांनी मना केलं नसेल तर ती फिरू शकते, तांदळाची पेज पिऊ शकते, झोप काढू शकते. झोप तर काढावीच. खरी मेहनत पुढे असते.

तोंड तयार झालं की पाणमोट फोडतात, आणि गरज वाटली तर कळांचं सलाईन लावतात.

"ते म्हशीला टोचतात तेच इंजेक्शन"

या बोलण्यात तथ्य आहे, म्हणून ते उडवून लावू नये. सलाईनमधून जातं ते ऑक्सिटोसिन. गोठ्यांमधून पान्हा सोडवण्यासाठी त्याचा गैरवापर झाला, आणि तो इतका वाढला की २०१८ मध्ये केंद्र सरकारने खासगी कंपन्यांना हे औषध बनवायला बंदी केली. बाळंतिणींना औषध मिळालं नाही तर जीव जातील, हा मुद्दा न्यायालयात गेला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली.

पण ऑक्सिटोसिन मुळात म्हशीचं औषध नव्हे. ते प्रत्येक आईच्या मेंदूत तयार होतं. कळा त्याच्यामुळे येतात, बाळ छातीशी लागल्यावर पान्हा त्याच्यामुळेच फुटतो. पिशवी आकुंचित करण्याचा त्याचा गुण हेन्री डेल यांनी १९०६ मध्ये दाखवला. पुढे व्हिन्सेंट द्यु विन्यो यांनी ते प्रयोगशाळेत बनवलं आणि १९५५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळवलं. त्यामुळे या सलाईनने दूध आटतं किंवा बाळ मंद निपजतं, या भीतीला आधार नाही.

धोका वेगळ्याच ठिकाणी आहे, आणि तो खरा आहे. कळ येते तेव्हा बाळाकडे जाणारं रक्त थोडा वेळ कमी होतं, आणि दोन कळांच्या मधल्या विसाव्यात बाळ सावरतं. दहा मिनिटांत तीन-चार कळा ठीक. पाचाहून जास्त येऊ लागल्या तर विसावा उरत नाही, बाळाचे ठोके खाली जातात, आणि क्वचित पिशवी फाटूही शकते. म्हणून सलाईन थेंबाथेंबाने सुरू करतात, साधारण अर्ध्या-अर्ध्या तासाने वाढवतात आणि ठोके पुन्हा पुन्हा ऐकतात. कळा जास्त झाल्या तर सलाईन बंद करतात, आणि काही मिनिटांत त्याचा जोर ओसरतो.

घरी किंवा छोट्या दवाखान्यात "कळा वाढवायला" कमरेत टोचलेलं इंजेक्शन मात्र असं बंद करता येत नाही. ते शरीरात गेलं की गेलं. वाडीवर कुणी अशी सुई घेऊन आला, तर त्याला दारातूनच परत पाठवा. एक फरक मात्र लक्षात ठेवा. बाळ बाहेर आल्यावर आईच्या मांडीत देतात ते १० युनिटचं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन बरोबर आहे. ते रक्तस्राव रोखतं, त्याला नाही म्हणू नका. मिसोप्रोस्टॉलच्या गोळीचंही कमरेत टोचलेल्या त्या सुईसारखंच. दुकानात सहसा मिळते ती २०० मायक्रोग्रॅमची, म्हणजे नागपूरच्या त्या डोसाच्या आठपट. ती ब्लेडने तोडून घरी घेणं हा जिवाशी खेळ आहे.

"फळ पिकलं की आपसूक गळतं, घाई कशाला?"

दिवस वर गेलेल्या सुनेबद्दल हे फार ऐकू येतं. आपल्याकडे नऊ महिने नऊ दिवस म्हणायची रीत आहे. डॉक्टरांचा हिशेब त्याच्या अगदी जवळचा आहे. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून नऊ महिने सात दिवस, म्हणजे २८० दिवस, ४० आठवडे. नेमक्या त्या तारखेला जन्मणारी बाळं विसात एखादंच. त्यामुळे तारीख उलटली म्हणून दुसऱ्याच दिवशी घाबरून पळायचं कारण नाही. पण ४१ आठवडे पूर्ण झाल्यावर थांबणं वेगळं. वार थकू लागते, पाणी कमी होऊ शकतं, पोटातच बाळ दगावण्याची शक्यता आठवड्यागणिक वाढते. ती शक्यता लहान असते, पण नुकसान कधी भरून न येणारं असतं. स्वीडनमध्ये २,७०० हून जास्त गर्भवतींचा एक अभ्यास याच प्रश्नावर चालला होता. ४२ आठवड्यांपर्यंत वाट पाहणाऱ्या गटात सहा बाळं दगावली, ४१ आठवड्यांना कळा आणलेल्या गटात एकही नाही. तो अभ्यास मध्येच थांबवावा लागला. निकाल २०१९ मध्ये छापून आले. तारखेची खात्री असेल तर ४१ आठवडे पूर्ण झाल्यावर कळा आणाव्यात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे.

"तारखेची खात्री असेल तर" हे शब्द कर्जत-खालापूरसाठी सगळ्यात जड आहेत. इथल्या कितीतरी ठाकूर-कातकरी बायका पाळीची तारीख कॅलेंडरवर मांडत नाहीत. लावणी चालू होती तेव्हा, गणपती बसले त्या सुमारास, अशी ती आठवणीत असते. दिवाळीनंतर कुटुंब वीटभट्टीवर जातं आणि तपासणी तिथेच कुठेतरी तुटते. मग नवव्या महिन्यात काढलेल्या सोनोग्राफीवर दिवस ठरवायचे, तर त्यात दोन-तीन आठवड्यांची चूक सहज होते. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी मात्र पाच-सात दिवसांच्या फरकाने बरोबर सांगते. दिवस वर गेलेत की अजून भरायचेत, हे ठरवणारा एकच भरवशाचा कागद तो असतो. आशाताई लवकर नाव नोंदवायला सांगतात, त्यामागे हे एक फार मोठं कारण आहे.

काही वेळा तर तारखेपर्यंतही थांबायचं नसतं. रक्तदाब वाढून लघवीतून प्रथिनं जात असतील, साखर आटोक्यात नसेल, कळांशिवाय पाणी गेलं असेल, बाळाची वाढ मंदावली असेल, तर आधीच कळा आणतात. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, हे "गरोदरपणात होतंच" म्हणून सोडू नका. याच्या उलट टोकही आहे. अमावस्या टाळायला किंवा मुहूर्त साधायला, काहीही कारण नसताना ३९ आठवड्यांच्या आत कळा आणायला सांगणारे सुशिक्षित लोक आहेत. त्या बाळांना श्वासाचा त्रास होण्याचा धोका जास्त असतो. कळा याव्यात म्हणून घरी पाजलेल्या एरंडेलाने जुलाब आणि थकवा नक्की येतो, कळांची मात्र खात्री नाही.

"कळा आणल्या की शेवटी सिझरच"

असं सरसकट म्हणता येत नाही. अमेरिकेत ६,००० हून जास्त पहिलटकरणींचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ३९ व्या आठवड्यात कळा आणलेल्यांत सिझरचं प्रमाण १८.६ टक्के होतं, वाट पाहिलेल्यांत २२.२ टक्के. त्यावरून प्रत्येकीच्या ३९ व्या आठवड्यात कळा आणाव्यात, असं मी म्हणणार नाही. त्या बायका निरोगी होत्या आणि तिथली देखरेख वेगळी. पण कळा आणल्यानेच सिझर होतं, ही समजूत त्यातून खोटी ठरते. सिझर वाढतं ते धीर सुटल्याने. आई-बाळ ठीक असतील, तर पाणमोट फुटल्यावर सलाईन निदान १२ ते १८ तास चालल्याशिवाय "फेल गेलं" म्हणू नये, असं तज्ज्ञ सांगतात. बाहेरचे नातेवाईक दर तासाला दार ठोठावू लागले, तर ते तास पुरे होत नाहीत. पण ठोके खाली गेले, तर एका मिनिटाचाही वाद घालू नये. बाळ आडवं असेल, वार तोंडावर असेल, तर मुळात कळा आणतच नाहीत. आधीचं सिझर असेल, तर मिसोप्रोस्टॉल टाळतात. ते सिझर डॉक्टरांपासून लपवू नका.

सलाईनच्या कळा जास्त दुखतात, हे मात्र बऱ्याच जणींच्या बाबतीत खरं आहे. त्या हळूहळू चढत नाहीत, लवकर जोर धरतात. मणक्यातलं इंजेक्शन तालुक्याच्या ठिकाणी सहसा मिळत नाही, पण दुखणं कमी करायची साधी औषधं असतात, ती मागावीत. जवळ आपलं माणूस असावं. सरकारी रुग्णालयांत बाळंतपणावेळी सोबतीण ठेवायला केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्येच मान्यता दिली आहे.

आता ठिकाणाचं. कळा तिथेच आणाव्यात जिथे लागलंच तर सिझर करता येतं. खांडस, कळंब किंवा वावोशीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून पुढे पाठवतात, तेव्हा ती टाळाटाळ नसते. कर्जतचं उपजिल्हा रुग्णालय, आणि तिथूनही गरज पडली तर पनवेल, उल्हासनगर किंवा अलिबाग, असा तो रस्ता आहे. पावसाळ्यात डोंगरावरच्या वाडीतून डांबरी रस्त्याला लागेपर्यंतच एक-दोन तास जातात, तेही झोळीतून. म्हणून अशा वाडीतल्या बाईला दाखल व्हायला दिलेल्या तारखेच्या आदल्या दिवशीच खाली आणून ठेवा, नातेवाइकांकडे किंवा रुग्णालयात. सरकारी रुग्णालयात बाळंतपण, औषधं, तपासण्या, सिझर, जेवण आणि जाण्या-येण्याची गाडी २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे. गाडीसाठी १०२ किंवा १०८ लावा. आणि निघताना माता-बाल संरक्षण कार्ड आणि पहिल्या सोनोग्राफीचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बाईच्या स्वतःच्या हातात द्या.