फटफटीचें खोगीर

मराठी भाषेंत 'खोगीरभरती' हा एक मोठा मार्मिक शब्द आहे. घोड्याच्या पाठीवर घालावयाचें खोगीर फुगविण्यासाठीं त्यांत जुनेर, चिंध्या, जें हातीं लागेल तें कोंबीत असत. त्यावरून कोणत्याहि कामांत निरुपयोगी माणसांचा किंवा वस्तूंचा भरणा करणें यास हा शब्द रूढ झाला. घोडदळाचे दिवस गेले, शब्द मात्र राहिला. आणि आमच्या मतें खोगीरहि गेलेलें नाहीं. तें घोड्याच्या पाठीवरून उतरून फटफटीच्या पाठीवर जाऊन बसलें आहे, इतकेंच. त्यांत कोणती भरती आहे व तें नीट आवळलें आहे कीं नाहीं, हा प्रश्न शिलेदारास जितका महत्त्वाचा होता तितकाच आज मोटारसायकलवाल्यासहि आहे.

हा विषय शाळेच्या वार्षिक अंकांत कशासाठीं, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, आमचा संग्रामपूर तालुका सातपुड्याच्या पायथ्याशीं, बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर भागांत आहे. संग्रामपुरास रेल्वे नाहीं. आगगाडी गांठावयाची तर बहुधा शेगांवास जावें लागतें. सोनाळा, टुनकी, पातुर्डा, वरवट बकाल या गांवांतून कोणी बियाणें आणावयास निघालेला असो, कोणी शाळेंत शिकवावयास, कोणी आजाऱ्यास दवाखान्यांत न्यावयास. त्याचें वाहन बहुधा मोटारसायकलच असतें. जमीन काळी, कापसाची. ती पावसाळ्यांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते, त्यामुळें तिच्यावरील रस्ता फार दिवस सपाट राहत नाहीं. अशा रस्त्यावर रोज बसणाऱ्या माणसाची कंबर कां दुखते, व ती न दुखावी म्हणून काय करितां येईल, हें समजून घेणें म्हणजे आपल्या घरचाच प्रश्न सोडविणें होय.

प्रथम बसणें म्हणजे काय तें पाहूं. मनुष्य बसतो तेव्हां त्याचा भार मांसावर पडतो असें आपणांस वाटतें. वस्तुतः तो मुख्यतः कटीच्या तळाशीं असलेल्या दोन हाडांच्या टोंकांवर पडतो. लांकडी पाटावर ताठ बसून दोन्ही तळहात खालीं घातल्यास हीं टोंकें हातास स्पष्ट लागतात. आतां भौतिकशास्त्रांतील सूत्र आठवा: भारास क्षेत्रफळानें भागिलें म्हणजे दाब निघतो. साठ किलोच्या मनुष्याचे हातपाय कांहीं भार उचलतात असें समजून ४५ किलो बैठकीवर आले असें धरा. हा भार १५० चौरस सेंटिमीटरांवर पडला तर दर चौरस सेंटिमीटरास ३०० ग्रॅम होतात. तोच ३०० चौरस सेंटिमीटरांवर पसरला तर १५० ग्रॅमच होतात. मनुष्य तोच, वजन तेंच; परंतु दुखणें निम्में. चांगल्या बैठकीचें पहिलें काम हेंच कीं, भार दोन टोंकांवर राहूं न देतां तो पसरावयाचा. दाब फार वेळ एकाच जागीं राहिला म्हणजे तेथील सूक्ष्म रक्तवाहिन्या दबतात, मुंग्या येतात, मनुष्य चुळबूळ करूं लागतो. आणि चुळबूळ करणाऱ्या चालकाचें लक्ष रस्त्यावरून उडतें.

दुसरें कारण कंपाचें. इंजिनाचा कंप जलद व बारीक असतो. खड्ड्यांचा हेलकावा मंद व मोठा असतो. झोपाळ्यास योग्य क्षणीं लहानसा झोका दिला तरी तो उंच जातो, त्याचप्रमाणें बसलेल्या मनुष्याचें शरीर सेकंदास सुमारें ४ ते ८ वेळां होणाऱ्या उभ्या हेलकाव्यांस विशेष साथ देतें, व त्याचा त्रास पाठीच्या कण्यास होतो. गादी इंजिनाचा बारीक कंप बऱ्याच अंशीं गिळते. परंतु खड्डा गिळणें हें तिचें काम नव्हे. तें टायरांतील हवेचें आणि ज्यास आमचे मेस्त्री 'शॉकअप' म्हणतात त्या स्प्रिंगदार नळ्यांचें काम आहे. म्हणून नवी बैठक घेण्यापूर्वीं टायरांतील हवा व शॉकअप हीं तपासावीं. पुष्कळ वेळां दुखणें चाकाचें असतें आणि औषध बैठकीस दिलें जातें!

बैठकीचा इतिहासहि मनोरंजक आहे. जर्मनींत डाइमलर व मायबाख यांनीं १८८५ सालीं पेट्रोलवर चालणारी दुचाकी तयार केली. तिची बैठक इंजिनाच्या डोक्यावरच होती. त्या वर्षींच्या नोव्हेंबरांत डाइमलर यांचा मुलगा पाउल यानें ती कानस्टाटहून उंटरट्युर्कहाइमपर्यंत नेली, तेव्हां खालच्या उष्णतेनें बैठकीनेंच पेट घेतला, अशी हकीकत सांगतात. पुढें चामड्याच्या, खोगिराच्या आकाराच्या व खालीं स्प्रिंगा लावलेल्या बैठकी आल्या; चालकास अशी एक बैठक आणि मागच्यास वेगळी लहान गादी, असा थाट जुन्या गाड्यांवर दिसे. १९३७ सालीं ऑटो बायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें पॉलियुरेथेन हा पदार्थ शोधून काढला. त्याचाच स्पंजासारखा प्रकार म्हणजे आजच्या बैठकींतील फोम. त्यामुळें स्प्रिंगा बऱ्याच मागें पडल्या, व दोघांस पुरेल अशी एकच लांब गादी सर्वत्र झाली.

हल्लींच्या बैठकीचे भाग तीन: तळाशीं पत्र्याचें किंवा प्लास्टिकचें ताट, त्यावर फोम, व वर रेक्झिनचें कव्हर. कारखान्याची बैठक सरासरी मनुष्याच्या मापाची असते. म्हणून पुष्कळ लोक बाजारांतून निराळी सुखाची बैठक आणून बसवितात, किंवा गांवच्या सीटवाल्याकडून जुनीच नव्यानें भरून घेतात. येथें पहिली फसगत होते ती मऊपणाची. दुकानांत अंगठ्यानें दाबून गादी मऊ लागली म्हणजे ती सुखाची, असा समज आहे. परंतु अति मऊ फोम वजनाखालीं पूर्ण चेपतो, आणि मनुष्य फोमावर न बसतां ताटावर बसतो. हीच आजची खोगीरभरती! खालीं दाट व टणक फोमाचा थर आणि वर पातळ मऊ थर, ही रचना उत्तम. तिची परीक्षा अंगठ्यानें होत नाहीं. निदान पंधरा मिनिटें बसून पाहावें.

दुसरी गोष्ट आकाराची. बैठक पुढें टाकीकडे उतरती असली तर चालक घसरत पुढें जातो व स्वतःस मागें रेटण्यांत त्याचे हात थकतात. मागें, जेथें भार पडतो तेथें, ती रुंद असावी. पुढें मांड्यांमध्यें अरुंद असावी, नाहीं तर पाय जमिनीस पुरत नाहींत. उंचीहि विसरूं नये. दोन इंच जाड गादीनें मनुष्य दोन इंच वर जातो, आणि गाडी थांबतांना ज्याचीं पावलें पूर्वीं टेकत त्याच्या फक्त चवड्याच टेकूं लागतात. शिवण हाडांच्या टोंकांखालीं येऊं नये. ती बोंचते, व तिच्या छिद्रांतून पावसाचें पाणी आंत शिरून फोम कुजतो. कव्हर फार गुळगुळीत नसावें, कारण ब्रेक लावतांच मागचा मनुष्य पुढें सरकतो. आमच्याकडे उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांकडे जातो. काळें कव्हर त्या वेळीं तव्यासारखें तापतें. म्हणून फिकट रंग बरा, आणि तो नसल्यास गाडी सावलींत लावून बैठकीवर पंचा टाकणें हा सोपा उपाय आहे.

आतां प्रत्यक्ष बसविण्याची रीत. जुनी बैठक काढतांना ती कशी अडकविली होती हें नीट पाहून ठेवावें. बहुतेक गाड्यांवर बैठकीच्या पुढील टोंकास एक पोलादी जीभ असते, ती टाकीमागील खांचेंत शिरते. मागची बाजू दोन बोल्टांनीं किंवा किल्लीच्या कुलुपानें धरली जाते. दोन्ही बैठकी उलट्या करून शेजारीं ठेवाव्या व जीभ, बोल्टांची भोंकें आणि खालचे रबरी ठोकळे एकमेकांशीं जुळतात कीं नाहीं तें मोजून पाहावें. न जुळल्यास ती बैठक परत करावी. हातोडीनें जुळवूं नये. मग खालच्या तारा बाजूस करून प्रथम जीभ खांचेंत घालावी, नंतर मागची बाजू खालीं बसवावी. तार ताटाखालीं चिरडली तर तिचें आवरण फाटून ठिणगी पडण्याचा धोका असतो. बोल्ट आधीं हातानेंच फिरवावे. ते सहज फिरत गेले म्हणजे आटे बरोबर बसले असें समजावें, आणि मग पान्यानें दोन्हीकडे सारखे आवळावे. शेवटीं बैठक पुढून, मागून व दोन्ही बाजूंनीं दोन्ही हातांनीं जोरानें हलवून पाहावी. थोडें अंतर सावकाश चालवून बोल्ट पुन्हां तपासावे, आणि आठवड्यानें आणखी एकदां.

ही शेवटची सूचना आम्हीं पुस्तकांतून शिकलों नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या मातोश्रींस उपचारासाठीं दर पंधरवड्यास शेगांवच्या बाजूस न्यावें लागे. वाटेंत त्यांची कंबर फार दुखे, म्हणून आम्हीं शहरांतून एक जाड, सुंदर बैठक आणिली व सकाळच्या घाईंत घरींच बसविली. ती आमच्या गाडीच्या भावंड-गाडीसाठीं केलेली होती. पुढची जीभ खांचेंत न शिरतां नुसती वर टेकली होती, आणि त्यामुळें मागचे बोल्ट तिरपे होऊन दोन-तीन आट्यांवरच धरले होते. मातोश्री बसल्या आणि म्हणाल्या, "बाबू, गादी मऊ हाय, पण हे हालते काहून?" आम्ही म्हणालों, "नवी आहे माय, बसेल हळूहळू." वरवट बकालच्या पुढें एका गतिरोधकावर एक बोल्ट सुटला, बैठक डावीकडे फिरली, आणि एका बाजूस पाय सोडून बसलेल्या मातोश्री रस्त्याच्या कडेस पडल्या. वेग थोडा होता व डोक्यावर हेल्मेट होतें, म्हणून जीव वांचला. परंतु मनगटाचें हाड मोडलें, आणि दीड महिना त्यांस उजव्या हातानें घांस घेतां आला नाहीं. त्या दीड महिन्यांत आम्हीं त्यांस भरविलें. त्यांनीं एकदांहि बोल लाविला नाहीं. आणि तेंच आम्हांस अधिक लागलें.

विचार केला तेव्हां दिसून आलें कीं, बैठक घेतांना आम्हीं मऊपणा पाहिला, रंग पाहिला, किंमत पाहिली. परंतु जिच्यासाठीं ती घेतली तिचें म्हणणें ऐकलें नाहीं. चालकाच्या हातीं हँडल असतें, त्याची दृष्टि पुढें असते, खड्डा त्यास आधीं दिसतो. मागें बसणाऱ्यास यांपैकीं कांहींच नसतें. त्याचा सर्व भरंवसा बैठकीवर व चालकावर असतो. म्हणून बैठकीविषयीं मागच्याची तक्रार ही पहिली खूण समजावी.

कायद्यानेंहि हेंच सांगितलें आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम १२८ अन्वयें चालकाशिवाय एकाच मनुष्यास नेतां येतें, आणि तोहि चालकाच्या मागें पक्क्या बसविलेल्या योग्य बैठकीवरच बसला पाहिजे. १९८९ च्या केंद्रीय नियमांप्रमाणें मागच्यासाठीं धरावयास मूठ, पाय ठेवावयास आधार, आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झांकणारी जाळी पाहिजे; लुगड्याचा पदर चाकांत जाऊं नये म्हणून ती असते. नवी बैठक बसविण्यासाठीं मूठ किंवा जाळी काढून टाकणारे लोक आम्हीं पाहिले आहेत. त्यांनीं एक सुख घेऊन दोन संरक्षणें गमाविलीं, असें म्हणावें लागतें.

विद्यार्थी मित्रहो, गाडी चालविण्याचें वय तुम्हांस अद्याप आलेलें नाहीं. परंतु गाडीवर मागें तुम्ही रोज बसतां, आणि तुमच्या माताहि बसतात. येत्या रविवारीं वडिलांच्या परवानगीनें घरच्या गाडीची बैठक दोन्ही हातांनीं धरून हलवून पाहा. ती हलली तर वडिलांस सांगा. त्यांनीं "बसेल हळूहळू" म्हटलें तर पुन्हां एकदां सांगा. आमच्या घरीं आतां जुनीच बैठक सीटवाल्याकडून टणक फोमानें भरून घेतली आहे. ती दिसावयास साधी आहे. मातोश्री अजूनहि बसण्यापूर्वीं तिला हातानें एक हिसका देऊन पाहतात, आणि त्या पाहीपर्यंत आम्ही इंजिन सुरू करीत नाहीं.